आधी डोळे तपासून घ्या!

दुकानाचं दार ढकलून तो आत आला आणि मी पुसलेलीच फ्रेम पुन्हा पुसायला घेतली.

कालचा पंच! शाळांच्या व्हॉलीबॉल स्पर्धेत उंच खुर्चीवर बसलेला... आणि ज्याच्यावर मी दोनशे लोकांसमोर ओरडले होते, "अहो पंच, आधी डोळे तपासून घ्या!"

डोळे तपासणं हाच माझा धंदा. म्हणून तर ते वाक्य जिभेवर तयार होतं.

"काल एका बाईंनी सल्ला दिला," तो खुर्चीत टेकत म्हणाला. "म्हटलं, ऐकावा."

यंत्रातून मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तपकिरी, शांत... तोंड कुठे लपवू असं झालं मला. पठ्ठ्यानं तक्त्याची शेवटची ओळ वाचली, वर त्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं.

"नजर उत्तम आहे," मी पुटपुटले. "त्या बाई... मीच होते."

"माहीत आहे. नजर उत्तम आहे ना!"

"सॉरी, बहिणीविरुद्ध निर्णय गेला म्हणून तोल गेला," मी म्हटलं. तो हसला. पंचाचं काम नसलं की तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "अडकलेले लोक असेच ओरडतात. सवय आहे," म्हणाला. मग हळूच — "चेंडू तुमच्या बहिणीच्या बोटांना चाटून गेला होता. तिनं स्वतः हात वर करून कबूल केलं. तुम्ही... ओरडत होतात तेव्हा."

म्हणजे मला दिसलंच नव्हतं. मला!

आई-बाबांना सुट्टी मिळत नाही, म्हणून बहिणीच्या मॅचला घरातर्फे मीच जाते. संध्याकाळी ती गुडघ्याचे पॅड धूत होती. कालपासून माझ्याशी बोलली नव्हती.

"मी पंचांची माफी मागितली," मी म्हटलं.

"कुठे?"

"दुकानात. डोळे तपासायच्या खोलीत."

"ओरडलीस दोनशे लोकांसमोर आणि माफी बंद खोलीत?" तिनं नळ बंद केला. "मुली विचारत होत्या, ती ओरडणारी कोण. मी सांगितलं... माझी कोणी नाही. फायनलला येऊ नकोस, ताई."

माझी कोणी नाही. पंधरा दिवस ते शब्द मला डाचत राहिले.

त्या पंधरा दिवसांत तो तीनदा दुकानात आला. गॉगलचा स्क्रू ढिला झालाय म्हणे! तिसऱ्यांदा तर स्क्रू चांगला घट्ट होता. मी तो आधी सैल केला, मग सावकाश आवळला. त्यानं पाहिलं... आणि गॉगलबरोबर दिलेलं फडकं नीट घडी करून खिशात ठेवलं.

फायनलला मी गेलेच. मॅच सुरू व्हायच्या आत पालकांच्या रांगेत उभी राहिले.

"मागच्या मॅचला मी पंचांना नको ते बोलले," मी मोठ्यानं म्हटलं. "पंच बरोबर होते. चूक माझी होती. मला माफ करा!"

सगळं सभागृह वळलं. मी उंच खुर्चीकडे पाहिलं — तिथे पिकल्या मिशांचे कोणी भलतेच गृहस्थ गोंधळून बसले होते. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या. लाजेनं मेले!

मागच्या रांगेतून हसू आलं. ओळखीचं.

"तुम्ही इथे?" मी कशीबशी म्हणाले. "खुर्चीवर का नाही?"

"खेळाडूच्या घरच्यांशी संबंध असेल तर पंचानं बाजूला व्हायचं. नियम आहे. तसा फॉर्म भरून दिला."

"संबंध? कसला?"

"अजून... काहीच नाही." आता त्याचे कान लाल झाले. "पण मी 'आहे' असं लिहिलंय. खोटं ठरवायचं असेल तर आत्ताच सांगा, धावत जाऊन खोडून येतो."

मी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून हातात घेतली. तो पुढे येऊन बसला.

कोर्टावर मुली माझ्याकडे बोट दाखवून बहिणीला काहीतरी विचारत होत्या. तिनं कपाळाला हात लावला, आणि मग साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी ओरडली —

"माझी ताई आहे ती! ताई, बस ना आता खाली!"

मी बसले. डोळे पुसायला रुमाल सापडेना. त्यानं गॉगल पुसायचं फडकं पुढे केलं... माझ्याच दुकानाचं.