निळ्या उजेडाचं ताट

केतकीच्या घरातल्या काचेच्या टाकीत एक कोडं पडलं होतं. टाकीवरचा निळा दिवा सुरुवातीला इतका मंद दिसला, की त्याच्या उजेडात सुईत दोरासुद्धा ओवता आला नसता. वाढवल्यावरही तो जुन्या पांढऱ्या दिव्याएवढाच दिसत होता. तरीही त्या दिव्याखालचं प्रवाळ उन्हात करपल्यासारखं पांढरं पडत चाललं होतं. पूर्वीएवढ्याच उजेडात बसलेल्याला ऊन कसं लागेल?

ही गोष्ट घडते तेव्हा तुम्ही चांगले मोठे झालेले असाल. लागोपाठ आलेल्या कडक उन्हाळ्यांनी समुद्र तापला आणि मालवणच्या किनाऱ्याजवळची पुष्कळशी प्रवाळं (समुद्राच्या तळाशी एकमेकांना धरून राहणारे चिमुकले जीव; यांनाच आपण पोवळी म्हणतो) मरून गेली. तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी ठरवलं, की वाचलेल्या प्रवाळांच्या फांद्या घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत वाढवायच्या. दिवाळीनंतर समुद्र निवळला, की बोट यायची आणि ज्या फांद्या धडधाकट असतील त्या पुन्हा खडकावर लावल्या जायच्या.

केतकी तांडेलच्या घरी आलेली फांदी बोटाएवढी होती. ज्या खडकावरून ती आणली, तिथलं बाकी सगळं प्रवाळ त्या उन्हाळ्यात गेलं होतं. त्या कुळातली ही एवढीच उरलेली.

केतकीची आई सुमती सकाळी देवपूजा आटोपून तुळशीला पाणी घालायची आणि मग टाकीपाशी यायची. "मुका जीव आपल्या भरवशावर आलाय," असं म्हणून ती टाकीची काच पुसायची. मदतीला चिंगूळ होता. चिंगूळ म्हणजे शाळेने निवृत्त केलेला यंत्रमानव. डोक्यावर कोळंबीसारख्या दोन लांब मिश्या होत्या, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलेलं.

भाद्रपदात टाकीवरचा जुना पांढरा दिवा बिघडला आणि त्याच्या जागी निळा दिवा आला. प्रवाळांना निळा उजेड मानवतो, एवढं केतकीला ठाऊक होतं. पण पहिल्याच दिवशी तिन्हीसांजेला आईने देवापुढे निरांजन लावलं, टाकीकडे पाहिलं आणि तिचा जीव कळवळला.

"अगो केतकी, यापेक्षा माझ्या निरांजनाचा उजेड बरा. लेकरू काळोखात बसलंय. दिवेलागणीला घरात कुणी काळोखात बसू नये."

"चिंगूळ, मोजून सांग ना," केतकी म्हणाली.

चिंगूळने मिश्या हलवल्या. "पांढऱ्या दिव्याचा उजेड मला आठवतो. हा त्याच्या पावसुद्धा नाही. वाढव."

केतकीने दिव्याचं बटण फिरवलं. चिंगूळ "अजून, अजून" म्हणत राहिला. शेवटी तो म्हणाला, "आता बरोबर पूर्वीएवढा." आई समाधानाने स्वयंपाकघरात गेली.

आठवड्याभरात फांदीचा चहासारखा तपकिरी रंग फिकट झाला. मग टोकं पांढरी पडली. केतकीने पाणी तपासलं, खारटपणा तपासला, पाण्याची ऊब तपासली. सगळं ठीक होतं. आई देवापुढे जरा जास्त वेळ बसू लागली. एका सकाळी तिने आपल्या मामांना फोन लावला. मामा आयुष्यभर समुद्रातल्या वनस्पतींचा अभ्यास करून आता वेंगुर्ल्याला राहत होते. केतकीचे ते मामाआजोबा.

ते आले त्या दिवशी एकादशी होती. चप्पल काढून ते सरळ टाकीपाशी गेले आणि भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

"मेलं का हो?" केतकीने विचारलं.

"नाही गो. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. हे बघ, त्या जिवांचे छोटे हात अजून हलतायत. पण उपाशी आहेत बिचारे."

"उपाशी? दिवा तर आम्ही वाढवला."

मामाआजोबांनी भिंग खिशात ठेवलं. "किती वाढवला, आणि कुणाला विचारून?"

केतकीने चिंगूळकडे बोट दाखवलं. चिंगूळने मिश्या खाली घेतल्या.

"सुमती," मामाआजोबा म्हणाले, "दोन ताटं घे बघू. एक माझं, रोजच्या जेवणाचं, आणि एक तुझ्या उपासाचं. केतकी वाढेल."

"मामा, पोरीचं प्रवाळ जातंय आणि तुम्हाला जेवण सुचतंय?"

"वाढू दे तर खरं."

केतकीने पहिल्या ताटात भात, आमटी, भाजी, दोन पोळ्या आणि कडेला उकडलेल्या रताळ्याची एक फोड वाढली. दुसऱ्या ताटात वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, इतकंच.

"चिंगूळ, जास्त जेवण कुठल्या ताटात?"

"पहिल्या," चिंगूळ लगेच म्हणाला. "ढीग मोठा आहे."

"केतकी, तुझ्या आईचं पोट कुठल्या ताटावर भरेल?"

"दुसऱ्या. पहिल्यातलं आईला फक्त रताळं चालेल."

"आता या दुसऱ्या ताटात वरी वाढत जा. पहिल्याएवढा ढीग दिसेपर्यंत."

केतकी वाढत गेली. चिंगूळ सवयीने "अजून, अजून" म्हणाला आणि मग एकदम गप्प झाला. ताटात वरीचा डोंगर झाला.

"हे सगळं तू संपवायचंस, सुमती. पानात टाकायचं नाही."

"पोट फुटेल हो माझं," आई म्हणाली आणि हसली. पण केतकी हसली नाही. ती टाकीकडे बघत होती.

"आम्ही त्याला असंच वाढलं," ती हळूच म्हणाली.

"हं." मामाआजोबांनी तिला जवळ बसवलं. "आता क्रमाने समजून घे. प्रवाळाच्या अंगात अतिशय बारीक शैवालं (पाण्यात वाढणाऱ्या साध्या वनस्पती) राहतात. ती उजेडावर अन्न शिजवतात आणि प्रवाळालाही देतात. त्याचा तपकिरी रंग त्यांचाच. ते याच्या घरातले आचारी समज. उजेड फार झाला, की शिजवताना नको ती विषारी द्रव्यं तयार होतात. मग प्रवाळ आपल्याच आचाऱ्यांना घराबाहेर काढतं. रंग जातो, आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो, आणि जेवण बंद होतं."

"पण उजेड फार नव्हताच. डोळ्यांना तर पूर्वीएवढाच दिसत होता."

"डोळ्यांना. इथंच खरी मेख आहे. उजेड म्हणजे फोटॉन (प्रकाशाचे सुटे कण). वाळूसारखा त्यांचा पाऊस पडत असतो. आपल्या डोळ्यांना हिरवे-पिवळे कण फार लाडके. निळे मात्र दोडके. शंभर निळे आले, तरी डोळा थोडेच आले म्हणतो. चिंगूळमधलं यंत्र लक्स (माणसाच्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचं माप) मोजतं. म्हणजे तेही डोळ्यासारखाच पक्षपात करतं."

"मला वर्गात मुलांना वाचायला उजेड पुरतो का, ते बघायला बनवलं आहे," चिंगूळ म्हणाला. "प्रवाळ वाचत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुझी चूक नाही रे. वाचनासाठी तुझं माप अगदी चोख आहे. पण शैवालांना निळे कण सगळ्यात जास्त मानवतात. पांढऱ्या दिव्याचं ताट मोठं दिसतं, पण त्यात त्यांच्या कामाचं कमी. निळ्याचं ताट दिसायला लहान, पण जवळजवळ सगळं खाण्याजोगं. दोन्ही ढीग डोळ्याला सारखे दिसेपर्यंत वाढलं, की झाला अनर्थ."

आईने पदराने डोळे टिपले. "मीच म्हटलं हिला वाढव म्हणून."

"मायेनं म्हणालीस. माया बरोबर होती, माप तेवढं दुसऱ्याचं होतं." मामाआजोबांनी अंदाजाने बटण फिरवून दिवा पुष्कळ कमी केला. "आजच्यापुरतं हे. पण अंदाजावर जीव ठेवू नये. माप हवं."

"कुठलं?"

"'पार' नावाचं. शैवालांना उपयोगी पडू शकणाऱ्या उजेडातले कण मोजायचे, तेही लाडका-दोडका न करता. निळा एक, हिरवा एक, लाल एक. एवढ्याशा जागेवर एका सेकंदाला किती कण पडले, ते हे माप सांगतं."

"मग 'पार'चा मीटर आणू या," केतकी उठलीच.

"बस जरा. उत्तम मीटर संशोधन केंद्रात आहे. त्याच्या किमतीत होडीचं छोटं इंजिन येईल. फोनमधली उजेड मोजायची सोय फुकट आहे, पण फोनचा डोळाही चिंगूळचाच भाऊ. शिवाय त्याला बुडवायचं कसं?"

"मग चिंगूळच्या आकड्याला कशाने तरी गुणलं तर?"

मामाआजोबांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "हे शहाणपणाचं बोललीस. गुणता येतं. पण प्रत्येक दिव्याचा गुणक वेगळा. पांढऱ्याचा निळ्याला लावलास, की पुन्हा तेच ताट. दिवा बदलत नसेल, तर गरिबाला हा मार्गही चालतो. आणखी एक आहे. हल्ली स्वस्तातले मीटर निघालेत. त्यांच्या टोकाला बरेच बारीक डोळे असतात, एकेक डोळा एकेका रंगाचे कण मोजतो. पण घेताना तीन गोष्टी विचारायच्या. गडद निळा तो मोजतो का? काही स्वस्त मीटर नेमका तोच सोडतात. टोक पाण्यात बुडवता येतं का? कारण प्रवाळ पाण्यात आहे, आपण बाहेर. आणि तिसरं…" ते थांबले. "भुसारी दुकानातला तराजू बरोबर आहे, हे कशावरून कळतं?"

"सरकारी वजनाशी ताडून बघतात," आई म्हणाली.

"तेच. केंद्रातल्या उत्तम मीटरशेजारी आपला स्वस्त मीटर एकदा ठेवायचा. किती चुकतो ते कळलं, की मग तो स्वस्त असला तरी विश्वासाचा."

वाडीत टाक्या असलेल्या घरांनी मिळून एक मीटर घेतला. केंद्रात नेऊन ताडला, तर तो थोडा जास्त दाखवत होता. केतकीने तेवढं वजा करायची सवय लावून घेतली. टाकीत टोक बुडवलं, तेव्हा तिला आणखी एक नवल कळलं. वरच्या दगडावर उजेड पुष्कळ, तळाशी त्याच्या निम्मा, आणि फांदीच्या सावलीत त्याहून कमी. एकाच दिव्याखाली किती वेगवेगळी ताटं वाढलेली होती. फांदी तिने तळाशी हलवली.

पुढचे दिवस कठीण गेले. फांदी पांढरीच राहिली. मामाआजोबांनी सांगितल्याप्रमाणे केतकी तिला बारीक खाद्य भरवायची. चिंगूळ उजेडाबद्दल काही बोलायचाच नाही.

"रुसलास का रे?" आईने विचारलं.

"नाही. मला जे दिसत नाही, त्याबद्दल गप्प बसायला शिकतो आहे."

"माणसांना शिकव हो हे," आई म्हणाली.

नवरात्र सरताना फांदीच्या बुडाशी फिकट तपकिरी छटा दिसली. केतकीने आधी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही ती छटा होती, तेव्हा तिने आईचा हात धरून तिला टाकीपाशी आणलं. आईने वाकून पाहिलं आणि हात जोडले. बाहेर गेलेले आचारी काही परतले नव्हते, पण अंगात लपून उरलेल्या थोड्यांचा संसार पुन्हा वाढू लागला होता. रंग चढेल तसा केतकीने मीटर बघत उजेड थोडा थोडा वाढवला.

दिवाळीनंतर बोट आली. फांदी पाण्याच्या डब्यात घालून केतकी आणि आई बोटीत चढल्या. पाण्यात बुडी मारून फांद्या लावणारी पूर्वा लुडबे डब्यात वाकून बघत म्हणाली, "टोकं अजून पांढरी आहेत गो हिची. पण अंग भरलंय. नेऊ या. वरच्या खडकावर लावते, तिथं ऊन छान."

"पूर्वाताई, आधी मोजू या का?"

"काय मोजतेस? दिसतंय की."

"दिसतंय ते आपल्याला," केतकी म्हणाली.

पूर्वा थोडी हसली, पण कमरेला खुणेची दोरी बांधून, मीटरचं टोक घेऊन खाली गेली. वरच्या खडकावरचा आकडा बोटीत ठेवलेल्या मीटरच्या पडद्यावर उमटला. टाकीतल्या आकड्याच्या कितीतरी पट. केतकीने दोरी हलवून खूण केली. पूर्वा आणखी खाली सरकली. आकडा उतरत गेला. एका कपारीशी तो टाकीतल्या आकड्याला येऊन टेकला आणि तिथेच थांबला. केतकीने दोरीला दोन हिसके दिले.

फांदी त्या कपारीत लागली. पूर्वा वर आली, तोंडावरचं पाणी निपटून म्हणाली, "उद्यापासून सगळ्याच फांद्यांना हा मीटर दाखवून जागा देऊ. तू येशील ना रोज?"

केतकीने आईकडे पाहिलं. आई बोटीच्या कडेवरून खाली निळ्या पाण्यात बघत होती. तिला काहीच दिसत नव्हतं, आणि तिचा चेहरा अगदी निवांत होता.