सातचा धूर

वरून स्क्रू आला तो थेट माझ्या चहात — डुबुक!

"सॉरी सॉरी... पिऊ नकोस!" शिडीवरून आवाज आला.

"स्क्रू आहे रे, साखर नाही. पिईन कशाला?"

तो केतन. मानखुर्दच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर धूर मोजायचं यंत्र बसवायला आलेला. यंत्राचे आकडे माझ्या मोबाइलवर येणार आणि रविवारच्या मीटिंगमध्ये मी, संघमित्रा, ते सगळ्यांना समजावणार. लोकांना पटलं, तरच सगळे मिळून धुराची तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसला जाणार होते.

"नुसते आकडे नको वाचूस यार, लोक झोपतील," तो म्हणाला. "सरळ सांग. आज कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही... बस."

हसला ना, तर गालाला खळी पडली. वाट लागली माझी.

पण दुसऱ्या दिवसापासून यंत्राला काय झालं कोण जाणे! संध्याकाळी सात वाजले की मोबाइल बोंब मारायचा — धूर, धूर! खिडकीतून बघावं तर आभाळ स्वच्छ. मी केतनला फोन करायचे, तो पाच मिनिटांत हजर. यंत्र पुसायचा, चहा प्यायचा, गप्पा मारायचा... अंगाला मोगऱ्याच्या अगरबत्तीचा वास. एवढा देवभोळा? मला काहीच कळेना. आकडे चुकतायत की मी? आणि सात वाजायची मी वाट का बघतेय?

शनिवारी फोन न करताच गच्चीवर गेले. केतन यंत्राखाली पेटती अगरबत्ती धरून उभा!

"तू?"

"मोबाइल वाजला की तू बोलावतेस ना... म्हणून —"

"अरे गाढवा! उद्या लोक म्हणतील, यंत्रच खोटं. माझं कोण ऐकणार?" मला रडूच आलं. तशीच खाली पळाले.

रविवारी भिंतीवर आलेख लावला. पहिल्या रांगेतल्या शांताबाईंनी बोट दाखवलं. "बाकीचं समजलं गं. पण रोज सातला हे काय उंच होतं?"

मागे केतन, मान खाली. यंत्र बिघडलं म्हटलं असतं तर सगळंच बुडालं असतं. सरळ सांग, असं तोच म्हणाला होता ना?

"यंत्र बरोबर आहे, मावशी. तो धूर केतनचा. मला भेटायला अगरबत्ती लावायचा."

हशा पिकला. माझे कान तापले.

"एका अगरबत्तीचा धूर कळतो? मग यंत्र झकास आहे," शांताबाई उठल्याच. "बोला, वॉर्ड ऑफिसला कधी जायचं?"

त्या संध्याकाळी सात वाजले. मोबाइल गप्प. मी उगाच तो हलवून बघितला... आणि दाराची बेल वाजली.

"आज अगरबत्ती नाही," केतन म्हणाला. "सरळ सांगायला आलोय. आवडतेस तू मला. पोचलं का?"

"पोचलं," मी म्हटलं. "मलाही तू... ये ना आत, चहा टाकलाय."