टेपचं दुसरं टोक

लाइट गेली तेव्हा साडेनऊ वाजले होते. रोपवाटिकेच्या शेडमध्ये झाडं मोजणारी पाच पोरं-पोरी पाय पसरून पडली होती. अकरा तास चालून तळवे सोलवटलेले. दिवसभराचे फॉर्म अजून लावायचे होते, पण अंधारात काय लावणार, म्हणून सगळ्यांना बरं वाटत होतं. थकलेल्या माणसाला जेवढं बरं वाटू शकतं तेवढं.

ताजातवाना होता फक्त म्हातारा ड्रायव्हर. त्याने दिवसभर गाडीत झोप काढली होती. निवृत्त झाला तरी खात्याने त्याला ठेवून घेतलं होतं, कारण ती गाडी दुसऱ्या कोणाच्या हाताने सुरूच होत नसे. म्हाताऱ्या माणसाची झोप झाली की त्याला गोष्ट सुचते, आणि ती सांगताना समोरच्यांची झोप त्याला दिसत नाही.

"एक ड्रायव्हर होता," तो म्हणाला. "माझ्या ओळखीचा."

"तुम्हीच ना, काका?" पोरींमधली चष्मेवाली आडवी पडूनच म्हणाली.

"ओळखीचा म्हटलं ना मी?"

"खात्यात ड्रायव्हर एकच आहे."

"मग ऐकू नकोस. झोप."

ती झोपली नाही. कोणीच झोपलं नाही.

तर हा ड्रायव्हर. मार्चची अठरा तारीख, मंगळवार. रात्री अकराला दहा कमी असताना त्याने ऑफिसच्या फाटकातून गाडी काढली. शेजारी कारकून. कारकुनाच्या मांडीवर एक कोरा फॉर्म, खाली पुठ्ठा, वर टेप. काम अर्ध्या तासाचं होतं. एक झाड मोजायचं आणि घरी जायचं.

झाडाचा नंबर चारशे सतरा. जुन्या पाणीटाकीच्या मागच्या रस्त्यावर, भिंतीजवळ. शोभेची परदेशी झाडं फॉर्मवर नावानिशी छापलेली असतात. ह्याला नाव नव्हतं. ह्याच्यासाठी शेवटची ओळ होती, 'इतर'. पण शहर वसायच्या आधी इथे जे रान होतं, त्यातलं हे उरलेलं झाड होतं, आणि अख्ख्या शहरात त्या जातीचं दुसरं नव्हतं. हे शोधून काढलं होतं मिठ्याने.

मिठ्या म्हणजे खात्याचा मोजणीवाला. जाड खोडाला टेप लावायची तर झाडाला मिठी मारावी लागते, म्हणून मिठ्या. अकरा वर्षं मिठ्या मोजायचा आणि कारकून लिहायचा. पद्धत ठरलेली. मिठ्या झाडापासून ओरडायचा, "घेर दोन दहा!" कारकून लिहिता लिहिता तेच परत म्हणायचा, "घेर दोन दहा." परत म्हटल्याशिवाय मिठ्या पुढचं सांगत नसे. ड्रायव्हर गाडीत बसून ऐकायचा. आधी ओरडणं, मग पुटपुटणं. अकरा वर्षं.

चारशे सतरा मोजलं ते आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. झाडावर एक पान नव्हतं. कारकुनाने विचारलं, "स्थिती?"

मिठ्या ओरडला, "निजलंय!"

फॉर्मवर खण तीन. जिवंत, रोगट, मृत. निजलेल्याला खण नव्हता. रोगट लिहिलं तर रोगाचा वेगळा तक्ता भरावा लागायचा. ऊन डोक्यावर आलेलं, त्या दिवशी अजून साठ झाडं बाकी. कारकुनाने मृतवर खूण केली आणि तोंडाने म्हणाला, "निजलंय."

"पण असं कसं?" चष्मेवाली उठून बसली. "नखाने खरवडायचं ना. आत हिरवं असलं तर जिवंत."

"मिठ्याने खरवडलं होतं. म्हणून तर निजलंय म्हणाला."

"आणि लिहिणाऱ्याने मारून टाकलं."

"नंतर दुरुस्त करणार होता तो."

"नंतर," ती म्हणाली, आणि शेडमधलं कोणीतरी हसलं. ह्या खात्यातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं सगळं नंतर असतं, हे पाचही जणांना एका महिन्यात कळलं होतं.

नंतर मिठ्याच गेला. ऑक्टोबरमध्ये, चार दिवसांच्या तापाने. आणि अठरा मार्चला संध्याकाळी सात वाजता उद्याच्या तोडणीची यादी कारकुनाच्या टेबलावर आली. जिवंत झाड तोडायचं तर नोटीस लागते, हरकती लागतात, सुनावणी लागते. मेलेल्याला फक्त करवत लागते. यादीत पहिलाच नंबर चारशे सतरा. वेळ सकाळी सहा. शेजारच्या रकान्यात 'मृत', आणि नोंद करणारा म्हणून कारकुनाचंच नाव.

त्याने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "नवा फॉर्म भरा. घेर नव्याने घ्या, नाहीतर म्हणतील घरी बसून खरडला. मोजणाऱ्याची सही, लिहिणाऱ्याची सही. सहाच्या आत मुकादमाच्या हातात द्या. नाही दिलात तर माझ्याकडे येऊ नका." आणि ठेवला.

मोजणारा कुठून आणायचा? कारकुनाने सात जणांना फोन केले. एकाची कंबर धरली होती. एक गावाला होता. एकाने विचारलं, "एका झाडासाठी?" असं करत करत अकरा वाजत आले. उरला ड्रायव्हर.

"तू धर टोक," गाडीत कारकून म्हणाला. "खोड मोठं आहे. माझे हात पोचत नाहीत."

"माझं काम गाडी चालवायचं," ड्रायव्हर म्हणाला.

"दोन मिनिटांचं आहे रे."

"उद्या चौकशी लागली तर? माझं नाव कशाला मध्ये?"

कारकुनाने पुठ्ठ्यावरचा फॉर्म सरळ केला. त्याचं वय सत्तावन्न होतं आणि तो सकाळी आठपासून ऑफिसात होता. भांडायलाही अंगात काहीतरी लागतं.

"खिळ्याला अडकवायचं ना टोक," चष्मेवालीचा मोजणीतला जोडीदार म्हणाला. "आम्ही तसंच करतो."

"मिठ्याने कधी झाडात खिळा मारू दिला नाही. म्हणून खिळा कोणी ठेवायचंच नाही."

अकरा वाजून वीस मिनिटांनी ते पोचले. पलीकडे रस्ता रुंद करायचं काम चाललेलं, सगळीकडे बारीक धूळ. ड्रायव्हरने आपली बाजू भिंतीला लागेल अशी गाडी लावली, त्याला उतरायचंच नव्हतं. दिवे चालू ठेवले तर बॅटरी उतरते, म्हणून बंद केले. कारकून उतरला. गळ्यात टॉर्च, हातात टेप, काखेत पुठ्ठा. झाड वीस पावलांवर. बोडकं. फांद्या नुसत्या आभाळाला टेकलेल्या. त्याच्या ढोल्यांतली वटवाघळं त्या वेळी बाहेर फिरायची. त्या रात्री एकही नव्हतं.

ड्रायव्हर बघत होता. कारकुनाने टेपचं टोक खोडाला लावून वर गुडघा दाबला आणि हाताने टेप मागे सारली. निसटली. परत लावली. परत निसटली. तिसऱ्यांदा तो गाल सालीला टेकवून तसाच उभा राहिला. मोजत नव्हता. दमून उभा होता.

"आणि तुम्ही बघत बसलात," चष्मेवाली म्हणाली.

"तो ड्रायव्हर बघत बसला."

"हो. तो."

चौथ्यांदा कारकून खोडाच्या मागे गेला. उजेड सालीवरून सरकत पलीकडे गेला. इकडून दिसेनासा झाला.

मग त्याचा आवाज आला.

"आलास का? ये."

ड्रायव्हरने रस्त्याकडे पाहिलं. रस्ता मोकळा.

"धर हे."

...

"खाली गेलंय तुझ्याकडून. वर घे. अजून. छातीला लाव, छातीला... हां."

टेप ताणल्याचा आवाज आला. पत्र्याची पट्टी ताणली की करकरते, तो.

ड्रायव्हरला वाटलं, फोनवर बोलत असेल. रात्रीचं कोणाशी? पण असेल. माणसाला जे सोयीचं असतं ते पटायला वेळ लागत नाही.

मग थोडा वेळ काहीच नाही.

मग कारकुनाचं पुटपुटणं. लिहितानाचं. "घेर चार बासष्ट."

ड्रायव्हरचा हात स्टिअरिंगवर होता. तो तिथेच राहिला.

कारकून चार बासष्ट स्वतःहून म्हणाला नव्हता. परत म्हणाला होता. अकरा वर्षं ऐकलेला सूर होता तो, आणि तो ओळखायला ड्रायव्हरला विचार करावा लागला नाही. आधी ओरडणं, मग पुटपुटणं. आज पुटपुटणं तेवढं ऐकू येत होतं.

...

"उंची अठरा."

...

"ढोल्या तीन."

...

"वस्ती आहे." थांबून, "किती?" थांबून, "दोनशेच्या वर."

शेडमध्ये कोणी हलत नव्हतं. बाहेर कुंडीतून पाणी ठिबकत होतं.

मग कारकुनाने विचारलं, "स्थिती?"

...

...

बराच वेळ.

"लिहितो," कारकून म्हणाला. आवाज अगदी खाली. "तेच लिहितो. या वेळी तेच लिहितो... ओरडू नकोस."

कोणीही ओरडलं नव्हतं.

ड्रायव्हरने काच वर केली.

"का?" चष्मेवालीने विचारलं.

"थंडी होती."

"मार्चात?"

म्हाताऱ्याने गोष्ट पुढे ढकलली.

ड्रायव्हर समोर बघत बसला. आरशात नाही, झाडाकडे नाही. समोर. गाडीच्या बाहेर कुठेतरी काहीतरी घासल्यासारखं झालं. एकदाच. लांबवर. वाऱ्याने असेल. वारा नव्हता.

किती वेळ गेला त्याला सांगता येत नाही. घड्याळात एक वाजायला सात मिनिटं होती तेव्हा पलीकडचं दार उघडलं आणि कारकून आत बसला. कपाळाला सालीचा भुगा. चेहरा असा, की आठवडाभर झोपलेला माणूस उठून आलाय.

"बरं झालं उतरलास," तो म्हणाला. "एकट्याने झालं नसतं."

ड्रायव्हरचा पाय अजून क्लचवर होता. गाडी उभी केल्यापासून तिथेच होता.

"अंधारात तुझा चेहरा दिसला नाही, पण टोक पक्कं धरलंस. आणि शब्दही मिठ्याचाच वापरलास. बरं केलंस." कारकुनाने पुठ्ठा पुढे केला. "कर सही. मोजणाऱ्याच्या जागी."

फॉर्मवर तीन खणांच्या पुढे कारकुनाने पेनाने चौथा आखला होता. वर लिहिलं होतं, निजलेलं. आत खूण.

"मग?" चष्मेवाली म्हणाली.

"मग सही केली त्याने."

"म्हणाला नाही, मी उतरलोच नव्हतो म्हणून?"

म्हातारा तळव्याने गुडघा चोळत होता.

"काका?"

काय म्हणणार होता? मी उतरलो नाही म्हटलं असतं तर कारकुनाने विचारलं असतं, मग कोण होतं? आणि तो प्रश्न त्या गाडीत, त्या जागेवर, त्या वेळी, दोघांच्या मध्ये येऊन बसला असता. ड्रायव्हरने पेन घेतलं. ज्या कामाला दोन मिनिटं द्यायला तो तयार नव्हता त्याच्या खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. भित्र्या माणसाचं अक्षर त्या रात्री फार वळणदार आलं.

सकाळी सहाला पाच कमी असताना मुकादमाने फॉर्म वाचला. मागे करवतवाले चहा पीत होते.

"निजलेलं? हे काय नवीन काढलंत?"

"मिठ्याचा शब्द आहे," कारकून म्हणाला.

"तो गेला ना?"

"शब्द आहे."

मुकादमाने ड्रायव्हरकडे बघितलं. "आणि तू कधीपासून मोजायला लागलास रे?"

"काल रात्रीपासून," कारकूनच म्हणाला. "माझ्या हाकेला तो एकटा उतरला."

मुकादमाने दोन्ही सह्या पाहिल्या, खांदे उडवले आणि टोळीला पुढच्या नंबरवर नेलं. एप्रिलच्या मध्यावर चारशे सतराला पालवी फुटली. बोटाएवढी, तांबूस. कारकून निवृत्त झाला तेव्हा भाषणात ही हकिगत त्याने सांगितली आणि ड्रायव्हरला उभं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनेही वाजवल्या. हे म्हातारा सांगत नाही. हे खात्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे त्याला त्याबद्दल मान देतात. चष्मेवालीही आज रात्रीपर्यंत देत होती.

"म्हणजे झाड वाचलं ते असं," तिचा जोडीदार म्हणाला. "मग ह्यात भुताचं काय? दमलेला माणूस होता, एकटाच बडबडला. टेप लागली असेल कशीतरी."

"मीही तेच म्हणतो," म्हातारा म्हणाला. "म्हणजे तो ड्रायव्हर. तोही तेच म्हणायचा. फॉर्म देऊन झाला आणि तो गाडीकडे आला, तोपर्यंत तेच म्हणत होता."

 चष्मेवालीने टॉर्चचा झोत त्याच्या तोंडावर मारला नाही. पायाशी मारला.

"उजाडलं होतं. रस्त्याच्या कामाची धूळ गाडीवर बोटभर बसलेली. धुळीत एक रेघ होती. टेपच्या रुंदीची. सरळ. बॉनेटच्या वर, पुढच्या काचेवरून, छातीच्या उंचीवर धरल्यासारखी. त्याला वाटलं, फांदी घासली असेल. तो रेघेच्या मागे मागे गेला. मागच्या काचेवरून ती पलीकडे वळली होती."

"अख्ख्या गाडीला?"

"अख्ख्या. रात्री भिंतीच्या बाजूला आरसा मिटून गाडी लावलेली. मध्ये हात जाणार नाही एवढी फट. त्या बाजूलाही होती. कुठे तुटलेली नाही, कुठे वरखाली नाही..."

"पुढे?"

"पुढे ती त्याच्या दारावर आली."

...

"काचेवरून गेली होती. त्याने वर केलेल्या काचेवरून. बाहेरून."