वेगळा पाटा

"यात काय काय आहे?" त्यानं विचारलं.

वेनिंगनं पेला भरता भरता मान वर केली. समोर एक उंच, सावळा माणूस उभा होता. हाताच्या बोटांना पितळेची धूळ लागलेली. गोंग नावाची थाळीसारखी मोठी वाद्यं घडवणाऱ्यांच्या, जावातल्या या विरुन गावात अशी बोटं घरोघरी दिसतात, पण हा चेहरा मात्र नवा होता.

"हळद, चिंच, गूळ."

"आणि?"

"चिमूटभर मीठ."

"गाळणं कुठलं वापरता? म्हणजे... त्या गाळण्यातून आणखी काही गाळता का?"

भट्टीवरची माणसं आपापले पेले हातात धरून गंमत बघत होती. वेनिंगची आई लास्त्री तीस वर्षं या गल्लीत जामूच्या बाटल्या पाठीवर घेऊन येत होती. हळदीचा, आल्याचा, कचोऱ्याचा काढा तिच्या हातचा घेतल्याशिवाय इथले घण उठत नसत. या महिन्यात तिचा गुडघा धरला म्हणून वेनिंग स्कूटरवर बाटल्या लावून येऊ लागली होती. आणि तीस वर्षांत आईला कुणी गाळण्याबद्दल विचारलं नव्हतं!

"मस," दादा म्हणावं तशा गोड आवाजात वेनिंग म्हणाली, "तुम्हाला काढा प्यायचाय, की माझ्या घरी सोयरीक जुळवायचीय? एवढी चौकशी तर मुलाकडचेही करत नाहीत."

हशा पिकला. तो माणूस कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला, "माफ करा, म्बाक," एवढंच, ताई म्हणावं तसं, पुटपुटला आणि रिकाम्या हातानं आत निघून गेला.

"सेनो आहे तो," म्हातारे पाक कार्सो मिशी पुसत म्हणाले. "सुराबायाहून आलाय, गोंगांचे सूर लावायला. कान असा की तासभर घासलेला गोंग एका टकोऱ्यात नापास करतो. पण कुणाच्या हातचं खात नाही बघ. घरून डबा आणतो. रोज तेच, भात, उकडलेलं अंडं आणि केळं."

'शिष्ट कुठला,' वेनिंगनं मनात म्हटलं. आणि दिवसभर, का कुणास ठाऊक, त्या लाल झालेल्या कानांचीच आठवण काढत राहिली.

चार दिवसांनी भर दुपारी पावसानं तिला गाठलं. स्कूटर उभी करून ती कारखान्याच्या वळचणीला धावली, तर तिथे लाकडी बाकावर सेनो डबा उघडून बसलेला. भात. अंडं. केळं.

तो सरकून बसला. ती बसली. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता, की गप्प राहणंही अवघड वाटत नव्हतं... तरी तिला राहवलं नाही.

"आमच्या हातचं खाल्लं तर बाटता का तुम्ही?"

तो हसला. पहिल्यांदाच. हसताना त्याचे डोळे आधी हसतात आणि ओठ मागून, हे तिच्या ध्यानात आलं.

"बाटत नाही, मरतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"कोलंबी. मला कोलंबीची अॅलर्जी आहे. दहा वर्षांचा होतो. मावसबहिणीच्या लग्नात चमचाभर संबाल खाल्ला, आणि घसा असा आवळला..." त्यानं मूठ मिटून दाखवली. "तीन दिवस दवाखान्यात होतो. तेव्हापासून आईच्याच हातचं खायचो. ती जाऊन चार वर्षं झाली. आता माझ्या हातचं. मला एवढंच येतं."

वेनिंग डब्याकडे बघत राहिली. आपल्याकडे तेरासीशिवाय काय होतं? कोलंबी कुटून, आंबवून, वाळवून केलेली ती काळपट वडी संबालाच्या चटणीत असते, भाजीत असते, रस्त्यावरच्या फोडणीच्या भातात तर असतेच असते. या माणसासाठी अख्ख्या जावा बेटात एकही ताट सुरक्षित नव्हतं! आणि आपण त्याला चारचौघांत हसलो.

"लोकांना सांगत का नाही?"

"सांगतो ना. मग ते म्हणतात, 'अरे, चिमूटभरच आहे, काही होत नाही.' त्यापेक्षा शिष्ट म्हटलेलं परवडतं."

वेनिंगनं मान खाली घातली. हा शब्द त्याला कसा कळला?

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी त्याच्यापाशी गेली. "गाळणं सुती कापडाचं. फक्त काढ्यासाठीचं. पातेलं पितळेचं, त्यात दुसरं काही शिजत नाही. चिंच आमच्या दारची. गूळ नारळाचा, बू सितीकडचा. तिच्या चुलीवर गुळाशिवाय काही होत नाही, काल जाऊन बघून आले. आणखी काही विचारायचंय?"

सेनो तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही... बघून आलात?"

"मग? तुम्ही सूर ऐकल्याशिवाय गोंग पास करता का?"

त्यानं पेला घेतला. आधी वास घेतला, मग ओठ टेकवले, मग डोळे मिटून घोट घेतला. तो घोट घशाखाली उतरेपर्यंत वेनिंगनं श्वास धरला होता.

"आंबट आहे," तो म्हणाला. "आणि... किती छान आहे."

त्या दिवसापासून विरुनची फेरी लांबू लागली. वेनिंग बाजारात प्रत्येक पुडीमागची बारीक अक्षरं वाचू लागली. टोफूवाल्याला तेल कितीदा बदलतोस म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "म्बाक, सरकारी साहेबीण झालात की काय?" सेनोसाठी ती कधी वाफवलेली रताळी नेई, कधी केळीच्या पानातला नारळभात. तो प्रत्येक वेळी विचारी, ती प्रत्येक वेळी सांगे. सांगताना तिला कंटाळा येत नसे. उलट, कुणीतरी आपल्या कामाकडे इतकं बारकाईनं बघतंय, याचं तिला अप्रूप वाटे. आणि तो कामात असला, की तीही दारात उभी राहून बघे. गोंगावर हलकेच टकोरा मारून, मान कलती करून, डोळे मिटून ऐकणारा तो... त्या वेळी हाक मारायची तिची छाती होत नसे.

"काढा विकायला जातेस की सूर शिकायला?" लास्त्रीनं एकदा पाय शेकता शेकता विचारलं.

"इबू!" वेनिंगनं आईला दटावलं.

"आण त्याला जेवायला. कोलंबीचं भय आहे ना? रोज कणभर देऊन तीन महिन्यांत घालवते की नाही बघ. झाडपाल्यानं बरं होत नाही असं मी काही पाहिलेलं नाही."

वेनिंगनं हे सेनोला सांगितलं, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "इबूंना माझा नमस्कार सांगा. काढा पिईन, पाला खाईन, म्हणाल ते करीन. पण तो कण नको."

"कण नाही. फक्त जेवण. मी करीन." मग जरा थांबून, "...याल?"

तो येणार होता त्या दिवशी वेनिंगनं स्वयंपाकघर धुऊन काढलं. तेरासीची वडी शेजारी पाठवून दिली. नारळाच्या दुधातली शेवग्याच्या पाल्याची आमटी, भाजलेलं वांगं, तव्यावरचं आंबवलेल्या सोयाबीनचं तेम्पे, आणि खास त्याच्यासाठी बिनतेरासीचा संबाल. मिरच्या, टोमॅटो, लाल कांदे, तुळस. आजीच्या वेळचा खोलगट दगडी पाटा तिनं तीनदा घासला, गरम पाण्यानं धुतला आणि त्यावर हा संबाल वाटला. वाटताना ती गुणगुणत होती.

सेनो मांडी घालून बसला. विचारलं, तिनं सांगितलं. पहिला घास घेतल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते लास्त्रीच्याही नजरेतून सुटलं नाही. "वेनिंग," तो म्हणाला. म्बाक नाही... नुसतं वेनिंग. "चार वर्षांनी कुणाच्या तरी घरी बसून..."

दुसऱ्या घासाला तो थांबला. ओठ चोळले. मग मान खाजवली. डोळ्यांभोवती लाल गांधी उठताना तिला दिसल्या.

"मस?"

त्यानं घशाकडे हात नेला. आवाज फुटेना.

शेजारपाजारच्या बायका धावत आल्या. कुणी शहाळं आणा म्हणालं, कुणी हळद पाजा. सगळ्यांनी लास्त्रीकडे पाहिलं. तिच्या हाताशी बाटल्या होत्या, तीस वर्षांचा लौकिक होता. तिनं सेनोच्या छातीला कान लावला, आतली शिट्टी ऐकली, आणि ताडकन उठली.

"हे माझ्या बाटलीचं काम नाही. वेनिंग, स्कूटर काढ!"

वेनिंग पुढे, मध्ये सेनो, मागे दुखऱ्या गुडघ्यानिशी लास्त्री. तिनं आपल्या जामूच्या बाटल्या बांधायच्या ओढणीनं त्याला स्वतःशी आवळून बांधलं होतं. "श्वास घे, बाळा. घे. अजून एक," ती रस्ताभर सांगत होती. वेनिंगला फक्त पाठीवर टेकलेलं त्याचं कपाळ जाणवत होतं. ते होतं तोवर सगळं होतं.

आरोग्य केंद्रात डॉक्टरीणबाईंनी मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं शिट्टी ओसरली. संध्याकाळपर्यंत त्याला तिथेच झोपवून ठेवलं.

"तेरासी नव्हतीच," वेनिंग रडत सांगत होती. "कणभरसुद्धा नव्हती."

"वाटलं कशावर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दगडी पाट्यावर."

"किती जुना?"

"आजीच्या वेळचा," वेनिंग म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला उमगलं. पन्नास वर्षं त्या दगडानं तेरासीच प्यायली होती.

सेनो दोन दिवसांत कामावर गेला. वेनिंग मात्र विरुनला फिरकली नाही. गुडघा बांधून लास्त्रीच जाऊ लागली. "विचारतोय तुला," ती येऊन सांगे. वेनिंग ऐकून न ऐकल्यासारखं करी. कुठल्या तोंडानं जायचं? ज्या माणसानं चार वर्षांनी कुणावर तरी विश्वास टाकला, त्यालाच आपण मरणाच्या दारात नेलं.

पण हात स्वस्थ बसेनात. एका पहाटे ती स्कूटरवर निघाली ती थेट मुंतिलानला, मेरापी ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे पाटे घडवणाऱ्यांकडे. कोरा पाटा-वरवंटा घेऊन आली. मग रोज मूठ मूठ तांदूळ त्यावर वाटायचे आणि टाकून द्यायचे. पहिल्या दिवशी पीठ करडं निघालं, चौथ्या दिवशी राखाडी. नवव्या दिवशी दुधासारखं पांढरं. नवं पातेलं, नवी पळी, वेगळं फडताळ. बिनतेरासीचा संबाल तिला अजून फिकाच वाटत होता, म्हणून ती नाना तऱ्हा करून चाखत बसे.

लास्त्री दारातून बघत होती. शेवटी येऊन शेजारी टेकली.

"शिळं तेम्पे घाल. दोन दिवस जास्त मुरलेलं, वास यायला लागलेलं. आमच्या लहानपणी तेरासी मिळायची नाही, तेव्हा माझी आई तेच घालायची." मग हलक्या आवाजात, "कण देऊन बरं करते म्हणाले होते मी. चुकलेच. झाडपाला ओळखते मी, म्हणून सगळंच ओळखते असं वाटायला लागलं होतं."

त्या संबालाचं पहिलं वाटण करून वेनिंगनं बोट चाटलं आणि डोळे मिटले. हीच. हीच ती खोल, खारट, जिभेवर रेंगाळणारी चव!

"छान झालाय का?"

ती दचकली. दारात सेनो उभा होता. लास्त्री गालात हसत उठली. निरोप कुणी धाडला होता, ते विचारायची गरजच नव्हती.

"तुम्ही इथे नका येऊ," वेनिंग म्हणाली. "माझ्यामुळे तुम्ही..."

"तुझ्यामुळे मी आज उभा आहे. माझ्या मावशीकडे लोक अर्धा तास भांडत होते, आधी काय पाजायचं म्हणून. तू आणि इबूंनी पाच मिनिटांत मला उचललं." तो आत आला, पाट्यापाशी बसला. कोऱ्या दगडावरून त्यानं बोट फिरवलं. "नवा आहे?"

"हो."

"माझ्यासाठी?"

तिनं मान हलवली. नजर मात्र उचलेना.

"मग वाढ."

"आधी विचारा."

"नाही विचारणार. आता माझा विश्वास आहे."

"विश्वास-बिश्वास काही नको!" ती एकदम उसळली, आणि डोळ्यांतलं पाणी गालावर आलं. "विचारायचं. पाटा कुठला, तेल कुठलं, पळी कुठली, सगळं. रोज विचारायचं. मी सांगून सांगून म्हातारी झाले तरी विचारायचं. तुम्ही न विचारता घास घेतलात, तर... तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही."

बोलून गेल्यावर तिनं ओठ चावला. बाहेर कुणाचा तरी कोंबडा कुठेतरी फडफडला.

"रोज?" सेनोनं हळूच विचारलं.

तिनं वरवंटा उगाचच पाट्यावर फिरवला.

"म्हातारी होईपर्यंत?"

"...हो."

त्याचे डोळे आधी हसले. मग त्यानं विचारायला सुरुवात केली. पाटा कुठला, तेल कुठलं, तेम्पे कुणाकडचं... आणि ती एकेक सांगत गेली, भरल्या डोळ्यांनी, न थांबता. बाहेर ओट्यावर लास्त्री पायात चपला घालून, हातात स्कूटरची किल्ली घट्ट धरून बसली होती. सेनोनं ताट संपवलं, वर आणखी भात मागितला, आणि तासभर उलटला, तेव्हा कुठे तिनं किल्ली खिळ्याला अडकवली.

भाताची कापणी आटोपल्यावर त्यांचं लग्न झालं. स्वयंपाकाला गल्लीतल्या बावीस बायका आल्या होत्या. कुणीही घरातला पाटा आणला नाही. लास्त्रीनं सगळ्यांना आदल्या आठवड्यात बसवून समजावलं होतं, आणि मोठ्या कोऱ्या लाकडी उखळात सगळं वाटण एकदमच झालं. तेरासीशिवाय लग्न कसलं, म्हणून पाक कार्सो आधी कुरकुरले. मग तिसऱ्यांदा संबाल मागून घेतला.

केळीची पानं अंथरलेल्या भल्यामोठ्या सुपांत भात वाढला होता, आणि सुपाभोवती सात-आठ जणांनी बसून एकत्र खायचं, अशी इथली रीत. इतकी वर्षं प्रत्येक लग्नात सेनो अशा वेळी पाणी आणायला म्हणून उठून जायचा. त्या दिवशी तो भट्टीवरच्या माणसांत मांडी घालून बसला, सगळ्यांच्या हातांशेजारी त्याच भातात बोटं बुडवून जेवू लागला.

वेनिंग लांबून बघत होती. शेवटी न राहवून जवळ गेली, वाकली आणि कानाशी कुजबुजली, "ठीक आहे ना? कसं झालंय?"

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायची त्याची फार इच्छा होती, पण तोंड भातानं भरलेलं होतं.