भोंग्यावरचं मरण

एका बाईनं मतांसाठी स्वतःची आई मारली, असं तुम्ही ठरवून टाकलंत. कागदावर तसं लिहिलं नाहीत, तेवढी छाती नाही तुमची. 'सहानुभूती मिळवण्यासाठी खोटी घोषणा केल्याचा दाट संशय' असं लिहिलंत. जिल्ह्याच्या गावी निवडणूक देखरेख मंडळात बसून, लुंगवेलचा चढ एकदाही न चढता. आणि तिला मंचावरून खाली उतरवलंत. आता काय घडलं ते ऐका. तुम्हाला मध्येच उठायची सवय आहे, या वेळी उठू नका.

लोकसभेची निवडणूक. अख्ख्या मिझोरमला मिळून एकच जागा, आणि त्या जागेसाठी आमच्या लुंगवेलची झोरेमी उभी राहिलेली. या गावातून याआधी कुणी साध्या आमदारकीचाही अर्ज भरला नव्हता. मिरवणुका नाहीत, जेवणावळी नाहीत. गावाला एकच सभा, सगळे उमेदवार एका मंचावर, बोलायला सगळ्यांना सारखा वेळ, आणि वेळ संपली की घंटा. तुमचेच नियम आहेत. चांगलेच आहेत.

सभागृह गच्च भरलं होतं. झोरेमी बोलायला उठली.

"गेल्या पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला," ती म्हणाली. "आई तापानं फणफणलेली. तिला टोपलीत बसवलं, टोपली पाठीवर घेतली, नदी ओलांडली आणि दवाखाना गाठला. त्या दिवशी मी ठरवलं, हा रस्ता दिल्लीत जाऊन मागायचा."

बायकांनी डोळे पुसले. टाळ्या थांबेनात. त्या थांबल्यावर ती पुढचं बोलायला लागली, तोच टेकडीवरचा, गावाला निरोप सांगणारा भोंगा खरखरला.

"खालच्या वाडीतली थांगाची आई गेली. आजच माती द्यायची आहे."

आवाज घोगरा होता, दबलेला. पण आवाजाकडे लक्ष कोण देतो? आमच्याकडे भोंगा कुणाच्या मरणाबद्दल खोटं बोलत नाही. सभागृह उठलं. तरुण पोरं कुदळी आणायला पळाली आणि तिथून थेट दफनभूमीकडे गेली. बायका शोकाच्या काळ्या शाली आणायला घरी धावल्या. थांगा म्हणजे झोरेमीचा धाकटा भाऊ, आई त्याच्याकडेच असते. झोरेमीच्या पायातली एक चप्पल मंचावरच राहिली.

ती उतार उतरून पोचली तर आई दारात उभी! खांद्यावर काळी शाल, हातात काठी.

"काय गं, कोण गेलं?" म्हातारी म्हणाली. "मी निघालेच होते मातीला."

झोरेमीनं तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून बघितला.

संध्याकाळच्या आत गावभर झालं, की हे झोरेमीचंच नाटक. आईच्या नावानं रडायचं, आणि आई जिवंत सापडली म्हणून मतं मागायची. दुसऱ्या दिवशी सकाळचं जेवण आटोपतंय तोवर तुमचा हुकूम आला. झोरेमीला उरलेल्या सगळ्या सभांना बंदी. दुपारपर्यंत पोलिसांनी वेगळं काही दाखवलं तर बघू.

बंदोबस्तावर सब-इन्स्पेक्टर रुआती होती. चाळिशीची, बुटकी, कमी बोलणारी. तिची धाकटी बहीण ऐजॉलला मोठ्या हुद्द्यावर. रुआतीनं घरी फोन केला की आई आधी त्या बहिणीचं कौतुक सांगते आणि मग विचारते, "तू जेवलीस ना?"

रुआती आधी टेकडीवरच्या खोलीत गेली. या खोलीला कुलूप नसतं. मरण वेळ बघून येत नाही, म्हणून. आत माईक, मशीन, आणि माईकशेजारी एक मळकं फडकं. ते अजून दमट होतं. तिनं नाकाला लावलं, पिशवीत टाकलं आणि खाली उतरली.

भोंग्यावर बोलायचं काम रोखुमाचं. आमच्याकडे मानानं हाक मारताना पुरुषाला 'पु' म्हणतात, बाईला 'पी'.

"पु रोखुमा, घोषणा झाली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"मंचावर. घंटा माझ्याच हातात होती. साऱ्या गावानं बघितलंय."

"मग बोललं कोण?"

"ते माहीत असतं तर त्याचे दात पाडले असते! माझा भोंगा बाटवला."

"तुम्ही असता तर काय बोलला असता?"

"काय म्हणजे? नाव, घर, मातीची वेळ."

"तुमची एक तक्रार ऐकली. सभेची सूत्रं झोरेमीनं तुमच्याकडे येऊ दिली नाहीत."

रोखुमानं मान फिरवली. "वीस वर्षं या गावात मीच बोलतोय, पी रुआती. मरण, लग्न, हरवलेली डुकरं. आणि आता ही दोन भाषणं करते तर सगळे म्हणतात, काय आवाज आहे! माझ्या आवाजाला कधी म्हणाले?"

दुसरा संशयित पु लियाना, झोरेमीच्या सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्याचा गावातला माणूस. टाळ्या चालू असतानाच तो सभागृहातून बाहेर पडला होता. हे चौघांनी पाहिलं होतं.

"का उठलात?"

"सुपारी खायला."

"सुपारी तर तुम्ही आत बसूनही चघळत होता."

लियाना हसला. दात लालभडक. "बरं बाई, खरं सांगतो. ऐकवत नव्हतं. आमच्या उमेदवाराला टाळ्या किती पडल्या? पावसाच्या चार थेंबांएवढ्या. आणि हिला? पोटात आग पडली. पण आग पडली म्हणून मी कुणाच्या आईला मारत नाही."

"कुठे गेलात?"

"मागं, चहाच्या चुलीपाशी. पाहुणचार तरी बघा यांचा! चुलीपाशी चिटपाखरू नाही आणि गुळाचा चहा उतू चाललाय. मीच भांडं खाली उतरवलं. हे बघा बक्षीस." त्यानं बोटं पुढं केली. दोन बोटांवर टपोरे फोड होते. "भांडं धरायला एक फडकं नाही ठेवलं लेकाच्यांनी. बोटं फुंकत उभा होतो तेवढ्यात भोंगा वाजला."

"भोंग्यावर 'थांगाची आई' म्हणाले. तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"नवल कसलं? निवडणूक चालू असताना भोंग्यावर उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही, हा मंडळाचाच नियम. नियम पाळणारा कुणीतरी असणार. म्हणजे रोखुमा, नाहीतर झोरेमीची माणसं." लियानानं डोळा बारीक केला. "मी असतो तर नियम मोडून नाव घेतलं असतं."

चहाची जबाबदारी थांगाकडे होती. तो घरामागं लाकडं फोडत होता. उंच, खांदे रुंद, नजर खाली.

"तू चुलीपाशी होतास?"

"होतो. लाकडं संपली म्हणून आणायला गेलो."

"भोंगा ऐकलास तेव्हा?"

"वाटेत."

"मग काय केलंस?"

"मग काय करणार? धावलो."

"चहाच्या भांड्याचं फडकं कुठाय?"

कुऱ्हाड लाकडात रुतली ती निघेना. "असेल तिथंच कुठंतरी," तो म्हणाला.

दफनभूमीत कुदळी घेऊन गेलेली पोरं पारावर बसली होती. रुआतीनं विचारलं, "खड्डा किती खणलात?"

"एक ढेकूळ नाही," त्यातला एक म्हणाला. "पहिली कुदळ उचलली आणि थांगा धावत आला. धापा टाकत होता बिचारा. म्हणाला, थांबा, खणू नका, आधी आईला डोळे भरून बघू दे. मग आम्ही थांबलो. बरंच झालं ना. जित्या माणसाचा खड्डा खणायचा म्हणजे..."

"खणला असता तर?"

"आमच्यात खणलेला खड्डा रिकामा ठेवत नाहीत, पी रुआती. अपशकुन."

शेवटी रुआती म्हातारीकडे गेली. म्हातारी मिरच्या निवडत होती.

"तुम्ही भोंगा ऐकलात?"

"अर्धा. अर्धा वारा घेऊन गेला. थांगाची आई गेली, एवढं ऐकलं. वरच्या आळीत एक थांगा आहे, त्याची आई दम्यानं बेजार. म्हटलं सुटली बिचारी. शाल काढली."

"ते तुमच्याबद्दल असेल असं नाही वाटलं?"

म्हातारी हसली. "मला कोण थांगाची आई म्हणतं? सगळं गाव झोरेमीची आई म्हणतं. मोठ्या लेकराच्या नावानं हाक मारतात ना. ती जन्मली तेव्हापासून माझं नावच ते."

रुआतीनंही एक मिरची उचलून देठ खुडला. मग म्हणाली, "आई, तुम्हाला टोपलीतून दवाखान्यात नेलं तेव्हा झोरेमी कुठे होती?"

"ऐजॉलला. तिची कामं असतात."

दुपारी सभागृहात गाव जमलं. मंचावर गावचे वडीलधारे. तुमचा माणूसही आला होता, घड्याळ बघत. रुआतीनं ते फडकं टेबलावर ठेवलं.

"हे माईकशेजारी सापडलं. आवाज ओळखू येऊ नये म्हणून माईकवर गुंडाळलं होतं. वास घ्या. गूळ आणि चहा. हे चुलीवरचं फडकं."

रोखुमानं हुंगलं आणि मान हलवली.

"पु लियानाची बोटं भाजली, कारण फडकं चुलीपाशी नव्हतं. भोंगा वाजायच्या आधीच ते टेकडीवर गेलं होतं. लियाना तेव्हा खाली बोटं फुंकत उभे होते, म्हणून ते सुटले. रोखुमा मंचावर होते, तेही सुटले. उरला चूल सोडून गेलेला माणूस."

सगळ्यांच्या माना थांगाकडे वळल्या. तो भिंतीला टेकून उभा होता.

"काहीतरीच!" एक बाई ओरडली. "आपल्याच आईला?"

"मीही तेच म्हटलं असतं," रुआती म्हणाली. "पण आई मेली असं ऐकल्यावर मुलगा कुठे धावतो? आईकडे. घर उताराच्या खाली आहे. थांगा वर धावला, दफनभूमीकडे. कारण एक त्यालाच माहीत होतं, की आई जिवंत आहे आणि पोरं तिचा खड्डा खणायला निघालीत. सभा मोडायला त्याला चाललं. आईचा खड्डा नाही चालला."

रुआतीनं फडक्याची घडी घालून ते बाजूला ठेवलं.

"आणि शेवटचं. लियाना म्हणाले, उमेदवाराचं नाव नको म्हणून 'थांगाची आई' म्हटलं असेल. तर मग म्हातारीचं स्वतःचं नाव का नाही घेतलं? रोखुमा आधी नाव सांगतात, मग घर. झोरेमीच्या माणसांना मतं हवी असती तर 'झोरेमीची आई' म्हटल्याशिवाय राहिली नसती. 'थांगाची आई' असं या गावात कुणीच म्हणत नाही. ते कानाला गोड लागेल असा माणूस एकच."

रुआती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज खाली आणला.

"तू का केलंस ते मला कळतं. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय."

 थांगानं बहिणीकडे बघितलं.

"टोपली कुणाच्या पाठीवर होती, ताई?"

झोरेमी आईकडे बघायला लागली.

"सांग ना! नदीला छातीइतकं पाणी होतं. आई माझ्या मानेला धरून होती, नखं रुतली होती तिची. तू कुठे होतीस? मी मागं चहा उकळत होतो आणि तू पुढं माझी पाठ विकत होतीस. सगळे टाळ्या वाजवत होते. तुझ्यासाठी! रोज तिला आंघोळ मी घालतो, भात मी भरवतो, आणि ती दारात बसून वाट कुणाची बघते? झोरेमीची. दिवसभर झोरेमीची आई, झोरेमीची आई. मला वाटलं, एकदा तरी गावानं ऐकावं की ती माझी आई आहे. तेवढ्यासाठी तिला मारावं लागलं मला."

म्हातारी काठी टेकत उठली. सगळ्यांना वाटलं, आता ती त्याला मारणार. तिनं त्याची मान धरली, नखं रुतली होती तिथंच. मग लेकीकडे वळली.

"तू असं बोललीस? की तू नेलंस?"

"'मी' नव्हते म्हणाले, आई. 'टोपली पाठीवर घेतली' एवढंच."

"ऐकणाऱ्यांना काय वाटलं?"

 झोरेमी म्हणाली, "मीच नेलं असं वाटलं. मी वाटू दिलं." मग तुमच्या माणसाकडे वळली. "माझा वेळ अर्धाच झाला होता. उरलेला द्या. मला मतं मागायची नाहीत. ते वाक्य दुरुस्त करायचंय, सगळ्या गावासमोर, त्याच माईकवरून."

तुमचा माणूस उठला. म्हणाला, घोषणा उमेदवाराच्याच घरातून झालीय, त्यामुळे बंदी कायम. आणि गावाला एकच सभा असते.

थांगावर रुआतीनं गुन्हा नोंदवला. ते बरोबरच झालं. गावाला मुद्दाम मरण ऐकवलं त्यानं, त्याची शिक्षा तो भोगेल. पण खोटी घोषणा झोरेमीनं केली नाही, हे तुमच्या माणसानं स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि तरी तुमच्या कागदावरचा संशय तसाच आहे. तिनं जे खरं चुकीचं केलं ते तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, आणि ते दुरुस्त करायला तुम्ही तिला जागा देत नाही. खोट्यासाठी भोंगा सताड उघडा होता. खऱ्यासाठी नियम आठवला.

मत कुणालाही जाऊ दे. म्हाताऱ्या आईला छातीभर पाण्यातून कुणाच्या पाठीनं नेलं, एवढं सांगायला तिला तो माईक देणार आहात की नाही? उत्तर द्या.