घर बघून गेलेली माणसं

ऑफिसातून घरी आले तर एक अनोळखी माणूस आमच्या सोफ्यावर चढून भिंतीवरचा माझा दहावीतला फोटो काढत होता.

"तुम्ही कोण?"

"पुष्कर. ब्रोकरनी पाठवलंय, घर रेडी करायला." त्यानं फोटोतल्या मुलीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "वेण्या छान दिसायच्या तुम्हाला."

मला तो आवडला नाही. म्हणजे... आवडून घ्यायचा नाही, असं मी ठरवलं.

गाझियाबादचं हे घर विकायलाच हवं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि बाबांचे गुडघे पार गेलेले. घर विकलं की पुण्यात मामाच्या शेजारी तळमजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा, असं ठरलं होतं. तोवर बाबा आठवड्यातून एकदाच खाली उतरायचे, कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत.

पुष्कर दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात वाढलेला. मराठी बोलता बोलता अडायचा. "ते... काय म्हणतात यार, मकड़ी के जाले?"

"जळमटं."

"हां, ती काढतो. स्टूल धरशील?"

मी धरायचे. त्याचा हात खांद्याला लागला की उगाच दुसरीकडे बघायचे. त्यानं पडदे बदलले, ओल आलेली भिंत रंगवून घेतली. आई त्याला रोज पोहे द्यायची. तिला तो गुणाचा वाटायचा, मला मात्र संशय यायचा. कारण दोन कुटुंबं "बिल्कुल फाइनल समझिए" म्हणून गेली, ती गेलीच. आणि त्यांना खाली सोडायला पुष्करच गेलेला. मी खिडकीतून बघत होते. गाडीपाशी ती माणसं त्याच्याशी कुजबुजायची आणि वर आमच्या खिडकीकडे बघायची.

तिसरं कुटुंब घर बघून निघालं तेव्हा मी गुपचूप त्यांच्यामागून जिना उतरले आणि दाराआड उभी राहिले.

बाहेर त्या बाई ओढणीतले तांदूळ कुंडीत झटकत होत्या. "भैया, सच बताओ. हल्दी, चावल, नारियल... इस घर में कोई टोटका है क्या?"

 पुष्करनं मान खाली घालून नुसतं गाडीचं दार उघडून धरलं.

टोटका म्हणजे करणी! आईनं तर ओटी भरली होती त्यांची. पहिल्यांदा घरी आलेल्या सवाष्णीला तशीच कशी पाठवायची, म्हणून तिघींचीही भरली होती.

गाडी गेल्यावर मी पुढे झाले. "तुला माहीत होतं."

"पहिल्यापासून."

"मग दोन शब्दांत समजवायचं त्यांना. निदान आईला तरी सांगायचं."

"सांगणार होतो. पण घर विकलं की तू पुण्याला जाणार... मग मी कुठल्या बहाण्यानं येऊ?"

छातीत धडधडलं, आणि त्याच क्षणी असा संताप आला की विचारू नका. "बाबांना जिना उतरताना पाहिलंयस ना तू?"

त्याचा चेहरा उतरला. "पाहिलंय. चुकलो मी."

तिथंच उभं राहून त्यानं तिघींना फोन लावले, स्पीकरवर. "आंटीजी, वो टोटका नहीं था. हमारे यहाँ घर आई सुहागन का ऐसे मान करते हैं. मुझे तभी बताना चाहिए था." पहिल्या दोघींनी ऐकून घेतलं नाही. तिसऱ्या हसत सुटल्या, आणि रविवारी इसाराचे पैसे घेऊनच येतो म्हणाल्या.

"झालं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुझं पॅकिंग करायला येईन मी. म्हणजे... चालणार असेल तर."

"आई-बाबांचं कर. माझं कशाला?"

"म्हणजे?"

"पुण्याला ते दोघं चाललेत. माझी नोकरी नोएडात आहे. महिनाभर घरी येतोयस, एकदा तरी विचारलंस?"

 तो अडखळत म्हणाला, "मग... तू राहणार कुठं?"

"भाड्याचं घर शोधतेय. उद्या दोन बघायचीत. तू बरोबर चल."

"माझ्यावर विश्वास बसला तुझा?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "म्हणूनच तू मला रोज डोळ्यांसमोर हवायस."