दिगूचा तिसरा प्रवाह

"आपण आलात, आनंद झाला. बसा," दिगंबर केळुसकरांच्या गळ्यातला वाणीपट्टा म्हणाला, आणि दारात उभा असलेला पास्कू डिसोजा चपापला.

बांगडा मासळीची पिशवी ओट्यावर ठेवून तो खुर्चीवर जेमतेम टेकला आणि चहाही न घेता उठला. दिगंबरांची मुलगी केतकी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली, तेव्हा तो म्हणाला,

"तुझो बापूस माका 'आपण' म्हणालो. माझा काय चुकला, तां माका ठावक नाय. उद्या मी वसईक चेडवाकडे कायमचो चललंय. त्याका सांग, राग धरू नको."

पास्कू लेकीकडे चालल्याचं सांगायला केतकी परत आली तर बाबांनी चांगल्या हाताने पट्टा ओरबाडून काढला होता आणि भिंतीकडे तोंड केलं होतं.

बाबांची सगळी हयात मालवणच्या धक्क्यावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली होती आणि पास्कू त्यातल्याच एका ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे कप्तान होता. पक्षाघाताने बाबांची वाचा नेली. मग हा पट्टा आला. मेंदूतून गळ्याकडे निघालेले बोलण्याचे संदेश तो टिपायचा आणि बाबांच्याच जुन्या आवाजात बोलायचा. पुण्यात प्रोग्रामर असलेल्या केतकीने रजा टाकून तो स्वतः जोडला होता. पोरगी हुशार, पण या वेळी हुशारीच नडली.

कारण मालवणात जिवाभावाच्या माणसाला कुणी 'बसा' म्हणत नाही. त्याचे आईबाप काढून त्याला घरात घेतात. शुद्ध बोलतात ते ज्याच्याशी वाकडं आलंय त्याच्याशी. हे केतकीला काय ठाऊक नव्हतं? पण प्रोग्राम लिहिताना आठवलं नाही, बस्स.

तिने लॅपटॉप उघडला. पट्ट्याच्या प्रोग्रामला तीन वाटा होत्या. पहिली आवक, म्हणजे बाबांकडून येणारे संदेश. दुसरी जावक, म्हणजे स्पीकरमधून निघणारं बोलणं. तिसरा त्रुटीप्रवाह. प्रोग्रामला जे चुकीचं वाटेल ते जावकीत मिसळू नये म्हणून या तिसऱ्या वाटेने बाजूला निघायचं. चाचणीच्या दिवशी दुसरी-तिसरी वाट एकत्र सोडली होती, तर शेजारच्या काकूंसमोर पट्टा कण्हला आणि भलतंच काही बोलला. शोभा नको म्हणून केतकीने तिसऱ्या वाटेचं तोंड अशा एका खड्ड्याकडे वळवलं, की तिथे पडलेलं पुन्हा कुणाला दिसत नाही. शिवी ही प्रोग्रामच्या लेखी चूकच होती. ती गाळून तो तिच्या जागी काहीतरी सभ्य भरायचा.

बाबा एवढे दिवस बोलत होते आणि तिने त्यांचं तोंड दाबून धरलं होतं.

तिने तिसरी वाट खड्ड्याकडून काढून पट्ट्यासोबतच्या चष्म्याच्या काचेवर वळवली आणि सभ्य भरणा बंद केला. मग बाबांच्या उशाशी बसून तिने सांगितलं, की आता अडवलेलं सगळं तुम्हाला दिसेल. जे बाहेर जावं असं वाटेल त्याच्याकडे बघून दोनदा डोळे मिटा, बाकीचं तिथेच राहील. बाबांनी मान वर केली आणि तिला चष्मा चढवू दिला, पट्टा बांधू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पास्कूच्या घरी गेली. त्याची बॅग दारात तयार होती. गाडीला वेळ आहे, एकदा चला, म्हणून तिने हातापाया पडून त्याला आणला. तो उंबऱ्यातच थांबला, आत येईना.

बाबांनी दोनदा डोळे मिटले.

"तुझ्या आवशीचो घोव! खंय मेल्लंस रे कालपासून? चाय पिल्याशिवाय गेलंस तर तंगडी मोडीन."

पास्कू आत येऊन त्यांच्याजवळ बसला आणि बाबांचा लुळा हात छातीशी धरून रडायला लागला. रडता रडता त्यानेही दिगूच्या सात पिढ्या उद्धरल्या. बाबांचं अर्धं तोंड हसत होतं. वसईची गाडी गेली. पास्कू म्हणाला, चेडवाक सांगतंय, पुढच्या महिन्यात बघू.

चहा ठेवून केतकी लॅपटॉपशी आली. काचेवर जे उमटत होतं त्याची प्रत तिच्या पडद्यावरही येत होती. बाबांनी न सोडलेली एक ओळ तिथे वाट बघत होती. आदल्या रात्रीपासूनची. ती प्रोग्रामने अडवली नव्हती, बाबांनीच ओठांशी आणून मागे घेतली होती, आणि असलं अर्धं राहिलेलं बोलणंही याच वाटेने यायचं. तिची सुरुवात 'केतकी' अशी होती.

"तां माझा," पट्टा हळूच म्हणाला. बाबा तिच्याचकडे बघत होते. "थयच रवांदे."

ती ओळ तिथेच राहू देत तिने पुढचं न वाचता प्रत बंद केली आणि कपात चहा ओतला. त्या ओळीत शिवी असेल की माया? आणि बाबांनी दोनदा डोळे मिटून ती सोडली, तरी या घरात दोन्हींत फरक कुणाला कळणार होता?